तालुक्याच्या महाविद्यालयात नवीन संयुगे तयार करून त्यांची जिवाणूरोधक चाचणी घेता येईल का? कोणती संयुगे निवडावीत?

घेता येते. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी चॅल्कोन या वर्गातली संयुगे घ्या. ॲसिटोफिनोन, एखादे ॲरोमॅटिक अल्डिहाइड, अल्कोहोल आणि सोडियम हायड्रॉक्साइड एवढ्या सामग्रीत ती होतात. त्यांतले खरोखर नवीन फार थोडे निघते, हेही ऐकून ठेवा.

यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी अशी आठ संयुगे केली, तीही मे महिन्यात. साध्या चॅल्कोनचा द्रवणांक सुमारे ५५ ते ५७ अंश. अशुद्ध माल त्याच्याही पुष्कळ खाली वितळतो, आणि आमच्या टिनाच्या प्रयोगशाळेत पारा ४४च्या पुढे गेलेला. गाळणकागदावर दिसलेल्या स्फटिकांचा चहा पिऊन येईपर्यंत पिवळा चिकट गोळा झालेला असे. धुण्यासाठी बर्फाचे पाणी लागते. तो बर्फ मी बसस्टँडवरच्या रसवंतीतून आणत असे, आणि भारनियमनाच्या दिवशी तिथेही तो नसे. म्हणून धुण्यात हात आखडला.

तेच नमुने एसटीने अमरावतीला नेऊन, ओळखीच्या एका सूक्ष्मजीवशास्त्र विभागात स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूवर तपासले. आठही संयुगांभोवती १२ ते १४ मिलिमीटरचे स्वच्छ झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेली वर्तुळे, आले. माझ्या मार्गदर्शकांनी त्याच दिवशी शोधनिबंधाचे शीर्षक ठरवले. मला मात्र आठही जणांनी सारखेच गुण मिळवावेत हे खटकले. उरलेला नमुना पाण्यात हलवून त्यात लाल लिटमस बुडवला, तर तो निळा झाला. जिवाणू मेले होते ते न धुतलेल्या कॉस्टिकने, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडने.

पावसाळ्यात सगळे पुन्हा धुवून, अल्कोहोलमधून दोनदा स्फटिक पाडून तपासले, तेव्हा सहा संयुगांचे झोन नाहीसे झाले आणि उरलेली दोन सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या डिस्कपुढे किरकोळ ठरली. सर म्हणाले, "शून्य कोन छापते बाप्पा?" माझे म्हणणे तेव्हाही होते आणि आजही आहे की सहा शून्ये प्रामाणिकपणे छापावीत. निव्वळ डीएमएसओ (संयुग ज्यात विरघळवतात तो द्रावक) घातलेल्या खाचेचा रकाना ज्या तक्त्यात नाही, तो तक्ता मी पुढे वाचत नाही. आपणही प्रत्येक प्लेटवर तो आणि एक प्रमाण प्रतिजैविक ठेवाच. टीएलसीवर (शुद्धता पाहण्याच्या पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) एकच ठिपका दिसल्याखेरीज नमुना चाचणीला नेऊ नका.

जिवाणू रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत वाढवू नयेत, आणि वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय फेकू नयेत, हे सांगायचे राहिले होते.

आणखी एक. चॅल्कोन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते अगरमध्ये (प्लेटमधल्या जेलीसारख्या माध्यमात) नीट पसरत नाही आणि झोन न येणे म्हणजे परिणाम नसणे असे ठरत नाही. त्यासाठी द्रव माध्यमात एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणारी किमान मात्रा, काढावी लागते. माझ्या सहा शून्यांची ती मी काढली नव्हती. सरांशी वाद घालताना हे मला ठाऊक होते, पण मी बोललो नाही.