डावखुऱ्या नवशिक्याने हलकी रायफल निवडताना

अमेरिकेतील कोलोरॅडोच्या डोंगरात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी तुम्ही हलकी रायफल शोधत आहात, तर किंमत पाहण्याआधी आपला प्रभावी डोळा, म्हणजे नेम धरताना मेंदू ज्यावर जास्त विसंबतो तो डोळा, कोणता हे तपासा. तोही डावा असेल, तर खास डावखुरी बोल्ट रायफलच (जिचा बोल्ट, म्हणजे काडतूस भरण्या-काढण्याचा दांडा, दरवेळी हाताने मागे-पुढे करावा लागतो) घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उजव्या हाताच्या रायफलचा बोल्ट चालवण्यासाठी डावा हात पलीकडे न्यावा लागतो, त्यात दुसऱ्या गोळीचा वेळ जातो, शिवाय काडतुसाचे कवच चुकून फाटल्यास तप्त वायू तुमच्या चेहऱ्याच्या बाजूने बाहेर पडतो. सॅव्हेज कंपनी १९५९ पासून डावखुऱ्या रायफली बनवते. फिनलंडच्या टिक्का टी३एक्स लाइटचीही डावखुरी आवृत्ती मिळते आणि दुर्बिणीविना तिचे वजन सुमारे ३ किलो भरते.

वजन मात्र नेहमी दुर्बीण, तिचे माउंट, पट्टा आणि काडतुसे धरूनच मोजा, कारण हलक्या रायफलवर जड दुर्बीण बसवली की केलेली बचत वाया जाते. रायफल जितकी हलकी, तितका त्याच काडतुसाचा धक्का अधिक बसतो. म्हणून ३०० विन्चेस्टर मॅग्नम या जोरदार काडतुसाच्या मोहात न पडता ७ मिमी-०८ किंवा ३०८ विन्चेस्टर ही सौम्य धक्क्याची काडतुसे निवडा, नाहीतर चाप दाबण्याआधीच डोळे मिटण्याची सवय जडते, आणि ती सुटता सुटत नाही.

तुम्ही एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकी संघराज्य कायद्यानुसार रायफल बाळगण्यासाठी वैध शिकार परवान्यासारखी सवलत लागते; त्यामुळे दुकानात जाण्यापूर्वी तो परवाना हाती असू द्या.