ब्राउझरचा पासवर्ड विसरलात?

प्रश्न : सोलापुरात अशोक चौकात आमचं चादरींचं दुकान आहे. फायरफॉक्स ब्राउझरला प्रायमरी पासवर्ड, म्हणजे साठवलेले बाकीचे पासवर्ड उघडणारा मुख्य पासवर्ड, लावला होता. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीनंतर तो आठवेचना. जीएसटी, बँक, सगळे पासवर्ड आत अडकलेत. तो परत मिळेल का?

उत्तर : तो पासवर्ड परत मिळत नाही, हे आधीच सांगतो. २०२० पर्यंत ज्याला मास्टर पासवर्ड म्हणत, तोच हा. तो कंपनीकडे नसतो आणि तुमच्या संगणकातही कुठे लिहून ठेवलेला नसतो.

पण घाईने रिसेट करू नका, त्यात साठवलेले सगळे पासवर्ड पुसले जातात. आधी नोटपॅड उघडा आणि आठवतो तो पासवर्ड तिथे टाइप करून बघा. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात; मराठी कीबोर्ड चालू राहिलाय की कॅप्स लॉक, हे कळतच नाही. मराठीत बिलं करणाऱ्या दुकानांत हे मी बरेचदा पाहिलंय. मग टाइप केलेलं पुसून टाका आणि नोटपॅड सेव्ह न करता बंद करा.

तरीही नाही जमलं, तर फोनमधलं फायरफॉक्स बघा. सिंक, म्हणजे संगणक आणि फोनमधली माहिती सारखी ठेवणारी सोय, चालू केली असेल तर पासवर्ड तिथेही आलेले असतात, कारण प्रायमरी पासवर्ड त्या एका संगणकापुरताच असतो. सापडतील ते वहीत उतरवून घ्या, मगच रिसेट. उरलेले त्या त्या साइटवर 'फरगॉट पासवर्ड' करून नवे घेता येतात. धंदा अडणार नाही, धीर धरा.

प्रश्न : जुळे सोलापुरातून लिहितेय. मुलाच्या फोनवर फॅमिली लिंक, म्हणजे पालकांनी लक्ष ठेवायचं गुगलचं ॲप, आहे. एक साइट उघडून द्यायची तर पालकाचा पासवर्ड मागतो, तो मी विसरले. फोन फॉरमॅट करू का?

उत्तर : नको, ताई. फॅमिली लिंकचा वेगळा पासवर्ड नसतोच, तो तुमच्याच गुगल खात्याचा. तुमच्या फोनवर ते खातं चालू असेल, तर तिथल्या फॅमिली लिंकमधून साइट उघडून देता येते. खात्याचा पासवर्ड नवा घ्यायचा असेल, तर रोजच्याच फोनवरून, घरच्या वायफायवर बसून घ्या. गुगलला ओळख पटायला सोपं जातं.

प्रश्न : अँटिव्हायरसच्या सेटिंगचा पासवर्ड गेलाय. नेटवर मिळालेल्या कस्टमर केअर नंबरवरचा माणूस म्हणतो, स्क्रीन दाखवणारं ॲप टाका, फी भरा. टाकू का?

उत्तर : मुळीच नाही. नंबर बॉक्सवरचा किंवा बिलावरचा घ्या. बिल आणि लायसन्स की हाताशी ठेवा. ॲप टाकून झालं असेल तर आधी नेट बंद करा, ॲप काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेचा पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन लावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता जास्त.