212 रुपये भाड्याचं घर, 1 कोटी 60 लाखांना

ठाण्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 57, पुढच्या मे महिन्यात निवृत्ती. मुलगी कॅनडात, दर दोन वर्षांनी सहा-सात महिने तिच्याकडे जाऊन राहायचा बेत. लहानपणी सुट्टीत मामाकडे शिवाजी पार्कला जायचे, तेव्हापासून तिथेच म्हातारं व्हायचं स्वप्न. आता मैदानापासून दोन मिनिटांवर 380 फुटांचं घर मिळतंय, 1 कोटी 60 लाखांना. 'घरमालकाची पावती आहे, भाडं महिना फक्त 212 रुपये, म्हणजे मेंटेनन्सची कटकटच नाही.' ठाण्याचा फ्लॅट 1 कोटी 35 लाखांना जाईल. वरचे 25 लाख आणि डागडुजी-मुद्रांकाचे 10 लाख पीएफ-ग्रॅच्युइटीच्या 72 लाखांतून काढायचे. एजंट म्हणतो तीन वर्षांत रीडेव्हलपमेंट होऊन 550 फूट मिळतील. प्रश्न एवढाच: 'अक्षय्य तृतीयेला टोकन देऊ, की भाव उतरण्याची वाट पाहू?'

भाव पाच टक्के उतरले तर तुमचे आठ लाख वाचतील. तुमचं संकट त्याहून बरंच मोठं आहे, आणि ते तुम्ही पत्रात 'फायदा' म्हणून लिहिलंय.

जिथे महिना 212 रुपये भाडं भरायचं, ते घर तुमचं नसतं. तुम्ही पागडी घेताय. म्हणजे दीड कोटीहून जास्त मोजून भाडेकरू होताय.

यात फसवणूक आहे असं नाही. शिवाजी पार्क भाडेकरूंनीच वसवलंय. 1896 च्या प्लेगने मुंबई हादरली, 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि शहराच्या उत्तरेला रुंद रस्ते, झाडं, हवा-उजेड अशा हिशेबाने दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या. माहीम पार्क हे मैदान 1925 साली लोकांना खुलं झालं आणि 1927 साली, तेव्हाच्या गणनेप्रमाणे शिवजन्माच्या त्रिशताब्दीला, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याचं शिवाजी पार्क झालं. भोवतीच्या गोलाकार गॅलऱ्यांच्या बुटक्या इमारती तीस-चाळीसच्या दशकांतल्या. त्या बांधल्या मालकांनी, राहायला आले कारकून, मास्तर, वकील, डॉक्टर, आणि तेही भाड्याने. फ्लॅट विकत घेण्याचा व्यवहार कायद्याच्या चौकटीत आणणारा महाराष्ट्राचा ओनरशिप फ्लॅट कायदाच मुळी 1963 चा. तुमच्या मामांनी घर विकत घेतलं होतं का, एकदा घरात विचारून बघा.

मग 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्याला बांधून टाकलं. 1999 च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण इतक्या लहान आकड्यावर चार टक्के म्हणजे किती! भाडेकरू हलले नाहीत, तीन-तीन पिढ्या एकाच जिन्यावर राहिल्या, म्हणून ही वस्ती तुम्हाला लहानपणासारखीच दिसते. आणि मालकाला महिन्याला खोलीमागे दोनशे रुपये मिळत असताना तो खाऱ्या हवेने गंजलेल्या सळया कशाला बदलेल? तुम्ही पाठवलेल्या फोटोत गॅलरीच्या स्लॅबखालचं प्लास्टर हातभर पडलंय. मेंटेनन्सची कटकट नाही, ती ही अशी.

दुसरा फोटो पावतीचा. त्यावर नाव विकणाऱ्याचं नाही, त्याच्या वडिलांचं आहे. आणि त्या नावामागे पत्रात तुम्हीच 'कै.' लावलंय! म्हणजे जो विकतोय त्याच्या नावावर अजून भाडेहक्क आलेला नाही. त्याला भाऊ-बहिणी किती, ते पत्रात नाही. पागडी आज बेकायदा नाही, 1999 च्या कायद्याने तिला मान्यता दिली आहे. पण मालकाची लेखी संमती, तुमच्या नावाचा नोंदणीकृत करार, तुमच्या नावाची पावती आणि वारसांच्या सह्या एवढं हातात नसेल, तर टोकन कुणाला देताय, तेच कळत नाही. त्यातून 'चाळीस लाख वरून', म्हणजे कागदावर न दाखवता रोखीने, हे वाक्य तुम्ही कंसात टाकलंय, ते मी वाचलं नाही असं समजतो. तुम्हीही ते विसरा.

आता कॅनडा. भाड्याची जागा सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरात नसेल तर ती परत मागण्याचा दावा मालक लावू शकतो. तुम्ही जाणार सहा-सात महिने. तेवढ्यापुरता पोटभाडेकरू ठेवलात तर तोही जागा खाली करून मागण्याचा आधार. 'पुढे मुलीच्या नावावर करू' म्हणता, पण असा भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. भाडेकरूच्या पश्चात हक्क आधी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा. टोरांटोतल्या मुलीला तो सिद्ध करायला दादरच्या वकिलाकडे खेपा घालाव्या लागतील.

आणि पैसे. 72 मधून 35 गेले, उरले 37 लाख. ठाण्याचा फ्लॅट 2006 साली 22 लाखांना घेतलाय, म्हणजे भांडवली नफ्यावर कोणत्याही पद्धतीने तेरा-चौदा लाख कर. घर विकून घर घेतलं की सूट मिळते, हे बरोबर, पण भाडेहक्क म्हणजे 'घर' असं कर-अधिकारी मानेलच, हे धरून चालू नका. सीएकडून लेखी मत घ्या, एजंटकडून नको. सूट नाकारली तर हातात 23-24 लाख. तुमचा खर्च महिना 55 हजार, वर्षाला 6.6 लाख. साडेतीन-चार वर्षांत खडखडाट, तेव्हा तुमचं वय 62. घर तारण ठेवू म्हणाल तर पागडीवर कर्ज द्यायला बँका तयार नसतात आणि रिव्हर्स मॉर्गेजला स्वतःच्या मालकीचं घर लागतं. तीन वर्षांतल्या रीडेव्हलपमेंटबद्दल एवढंच सांगतो: मालक, वारस, भाडेकरू आणि बिल्डर एका टेबलावर बसल्याची एक तारीख त्या एजंटला विचारा.

तोच एजंट उरलेल्या पैशांसाठी 'गॅरंटीड इन्कम' पॉलिसी सुचवतोय. वर्षाला पाच लाख, सात वर्षं भरायचे आणि उत्पन्न नवव्या वर्षापासून. निवृत्त माणसाला पैसे पुढच्या महिन्यात लागतात, नवव्या वर्षी नाही. फेकून द्या ते माहितीपत्रक. निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख ठेवा. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी महिन्याला वीस हजारांवर व्याज येतं. बाकीचं पुढच्या पत्रात बोलू.

हौस राहिलीच आहे म्हणता? तुम्हीच कळवलंय की शेजारच्या सोसायटीत एक बेडरूम 65 हजारांना भाड्याने मिळते आणि ठाण्याच्या फ्लॅटला 30 हजार येतील. फरक महिना 35 हजार, वर्षाला चार-सव्वाचार लाख. जन्मभर परवडणार नाही, अकरा महिने परवडेल. लिव्ह अँड लायसन्स करा, पावसाळ्यात राहून बघा, भिंतींची ओल बघा, पार्किंगची भांडणं ऐका. पत्नीचं मत पत्रात कुठेच नाही, तेही तेवढ्यात कळेल. चार लाखांत हौस फिटली तर स्वस्तात पडली म्हणेन.

नाही तर ठाण्याहून फास्ट लोकल, दादरला उतरून पंधरा-वीस मिनिटं चालत. मैदानाभोवतीच्या जवळजवळ सव्वा किलोमीटरच्या कट्ट्याला पावती लागत नाही. फक्त पाचनंतर बसायला जागा मिळत नाही, साडेचारला पोचा.