कोथिंबिरीच्या फुलांवर हवेत एकाच जागी तरंगणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी कोणती? ती मारावी का?

मारू नये. आपण वर्णन केलेली माशी बहुधा सिरफिड माशी आहे. तिचे रूप गांधीलमाशीसारखे असले तरी तिला नांगी नसते. पंखांची एकच जोडी, मोठे डोळे आणि अगदी आखूड मिशा यांवरून ती ओळखता येते.

प्रौढ माशी मकरंद आणि परागकण यांवर जगते व परागीभवनास हातभार लावते, परंतु बागेला तिचा खरा उपयोग तिच्या अळ्यांमुळे होतो. मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) पडलेल्या शेंड्यांवर मादी पांढरट, लांबुळकी अंडी एकेकटी घालते, आणि त्यांतून निघणारी पाय नसलेली, हिरवट किंवा मातकट अळी माव्याला तोंडाने पकडून त्यातील रस शोषून घेते. अशी एक अळी आपल्या वाढीच्या काळात शेकडो मावा फस्त करू शकते. दुर्दैवाने हीच अळी पाने खाणारी समजून अनेकदा चिरडली जाते. (या कुळातील सर्वच अळ्या मावा खात नाहीत; काही साचलेल्या घाण पाण्यात वाढतात.)

कोथिंबीर, शेपू, बडीशेप, मोहरी यांची थोडी रोपे फुलावर येऊ द्यावीत. गुलाबावर किंवा चवळीवर मावा दिसताच कीटकनाशक फवारण्याऐवजी आधी त्यात अळ्या आहेत का ते पाहावे, आणि नसल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन काढावा. फवारणी अटळच असेल तर फुलांवर मात्र करू नये.