नवी सिस्टीम आली, पण ॲप कुठंयत?

मागच्या अंकात "फोनच्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा" असं दोन ओळींत लिहिलं होतं, तर जळगाव-धुळे-नंदुरबार तिन्हीकडून इतकं आलंय की बाकीचे प्रश्न (वायफायचे, टीव्हीचे, आणि का कोण जाणे पण इन्व्हर्टरचे सुद्धा) पुढच्या अंकावर ढकलावे लागले. नावं छापत नाही, गाव तेवढं देतोय. ज्यांचं विचारणं सारखंच होतं ते एकत्र केलंय.

अमळनेरहून एक शिक्षक: २०२३ ला भरोस नावाची आपल्या देशातली सिस्टीम टीव्हीवर पाहिली होती, मंत्र्यांनी फोन हातात घेऊन दाखवला. माझ्याकडे एक जुना अँड्रॉइड पडून आहे. त्यात ती टाकता येईल का, आणि मग गुगलची गरज उरणार नाही का?

सर, आधी नाही म्हणून टाकतो, मग कारण सांगतो. भरोस बनवली आयआयटी मद्रासच्या इनक्युबेटरमधल्या (नव्या कंपन्यांना उभं करणारं केंद्र) जे अँड के ऑपरेशन्स या कंपनीने, आणि २४ जानेवारी २०२३ ला अश्विनी वैष्णव आणि धर्मेंद्र प्रधान यांनी ती चालवून पाहिली, तुम्ही पाहिलं ते हेच. पण त्याच वेळी सांगितलं होतं की ज्या संस्थांना गुप्ततेची कडक गरज आहे त्यांच्यासाठी ही आहे. म्हंजे जळगावच्या मोबाईल मार्केटमध्ये जाऊन "भरोसवाला दाखवा" म्हणायचं असं ते काम नव्हतंच, बातम्यांनी मात्र ते पार गुगलचा बाप आला असं करून टाकलं.

आता गुगलपासून सुटका. अँड्रॉइडचे खरं तर दोन थर धरा. खालचा थर एओएसपी, तो ओपन सोर्स आहे, कुणीही घेऊन आपली सिस्टीम बनवू शकतं, आणि भरोस पण त्याच्यावरच उभी आहे. वरचा थर म्हंजे प्ले स्टोअर, मॅप्स, जीमेल आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हंजे प्ले सर्व्हिसेस, हा गुगलचा स्वतःचा, लायसन्स घेतल्याशिवाय मिळत नाही. आणि गंमत अशी की आपण वापरतो त्यातली ढीगभर ॲप या वरच्या थराला टेकून चालतात, नोटिफिकेशन तिथून येतं, लोकेशन तिथून, नकाशा तिथून. तो थर काढला की ॲप उघडतं पण नोटिफिकेशन तासाभराने येतं, किंवा उघडून पांढरी स्क्रीन दाखवून बसतं. भरोसमध्ये आधीपासून टाकलेलं एकही ॲप नाही आणि ॲप घ्यायला त्यांचं वेगळं खाजगी स्टोअर आहे, ते ज्या संस्थेला मोजकी चार ॲपच चालवायचीत तिला उत्तम. तुम्हाला मात्र शाळेचे ग्रुप, बँक, हजेरीचं ॲप, लेकीचा व्हिडिओ कॉल सगळं पाहिजे.

जुना फोन पडलाय तर त्यात लिनेजओएस टाकून बघता येतं, तेही एओएसपीवरचंच आहे, आणि यादीत तुमचं मॉडेल असलं तरच. पण त्याच्यासाठी बूटलोडर (दुसरी सिस्टीम टाकू न देणारं फोनचं आतलं कुलूप) उघडावा लागतो, आणि तो उघडला की फोनमधला सगळा डेटा साफ होतो. करायचंच असेल तर पुढचा प्रश्न वाचून मग करा.

जळगाव, बचत गटाच्या ताई: भाच्याने माझ्या फोनमध्ये दुसरी सिस्टीम टाकून दिली, फोन एकदम पळायला लागला. पण बँकेचं ॲप म्हणतं "तुमचं डिव्हाइस सुरक्षित नाही" आणि बंद होतं. गटाचे हप्ते मीच भरते. काय करू?

ताई, भाचा हुशार आहे पण त्याने विचारून करायला पाहिजे होतं. बँकेची आणि पैशांची बरीच ॲप उघडताना गुगलला विचारतात की हा फोन कंपनीने दिला तसाच आहे का, की कुणी आतून बदललाय. याला प्ले इंटिग्रिटी म्हणतात. बूटलोडर उघडा दिसला की उत्तर नकारार्थी जातं आणि ॲप दार लावून घेतं. बँकेच्या बाजूने बघाल तर चूक नाही, कारण तसल्या फोनमध्ये एखादं ॲप तुमचा पिन चोरून वाचत असेल तर बँकेला ते कळणार कसं.

आता भाच्यालाच बसवा आणि कंपनीची मूळ सिस्टीम परत टाकून बूटलोडर लॉक करायला सांगा, हाच क्रम, उलटा नाही, दुसरी सिस्टीम आत असताना लॉक केला तर फोन चालूच न होण्याची भीती असते. हे करताना पण सगळा डेटा जातो म्हणून फोटो, नंबर आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप आधी. तोवर हप्ता अडला असेल तर *९९# डायल करून पैसे पाठवता येतात, नेट लागत नाही, बँकेला जोडलेल्या नंबरवरून लावायचं. बटणांच्या फोनसाठी मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे पण सुरू केलंय. आणि ॲप लपवाछपवी करून चालवायच्या ज्या युक्त्या भाचा यूट्यूबवर दाखवेल त्या करू देऊ नका, गटाचा पैसा आहे तो, दहा बायांचा.

चोपडा, केळी उत्पादक: मन्हा फोनमा मीयूआय होतं, आते हायपरओएस वनं म्हणे. हाई नवी सिस्टीम शे का? आनि लोके अँड्रॉइड १६ म्हंतस, ते माले काब्र नही वनं?

भाऊ, नाव बदललंय, घर तेच. शाओमीने ऑक्टोबर २०२३ मध्ये हायपरओएस जाहीर केलं, पण आपल्या फोनवर त्याच्या पोटात अँड्रॉइडच आहे. सॅमसंगचं वन यूआय, विवोचं फनटच, हे सगळे असेच वरचे कपडे. म्हणून तर तुमची सगळी ॲप जशीच्या तशी चालली, काही परत घ्यावं लागलं नाही.

अँड्रॉइड १६ जून २०२५ मध्ये आधी गुगलच्या पिक्सलवर आलं. तिथून मग चिप बनवणारी कंपनी, मग फोनची कंपनी तिचे कपडे चढवणार, तपासणार, मग तुमच्या मॉडेलची पाळी, तीही मॉडेल यादीत असलं तर. स्वस्तातल्या फोनला पाळी येते कधी, कधी येतच नाही. याचं दुःख करू नका, मोठा आकडा नसला तरी शेतीचं काही अडत नाही. अडतं ते सिक्युरिटी अपडेट थांबल्यावर, कारण मग आतली भोकं कुणी बुजवत नाही. सेटिंगमध्ये "सिक्युरिटी पॅच" म्हणून तारीख असते ती बघा, वर्षापेक्षा जुनी असेल आणि नवीन काही येतच नसेल तर त्या फोनवर बँक ठेवू नका. पुढचा फोन घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल नका विचारू, किती वर्षं अपडेट देणार हे विचारा. पिक्सल ८ (२०२३) आणि गॅलेक्सी एस२४ (२०२४) ला ७ वर्षांचा शब्द दिलाय, ते महाग आहेत मान्य, पण गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या त्यामानाने स्वस्त फोनला पण ६ वर्षं म्हटलंय, म्हंजे विचारलं तर मिळतं.

आणि एक, न विचारता सांगतो. अपडेट फक्त सेटिंगमधून. "हायपरओएसचं नवीन व्हर्जन, इथे दाबा" असा व्हॉट्सॲपवर मेसेज आला तर तो आलाच नाही असं समजा. पीएम किसानच्या नावाने, आरटीओ चलनाच्या नावाने एपीके फाईल (स्टोअरशिवाय थेट ॲप टाकायची फाईल) फिरतात, त्या टाकल्या की तुमचे एसएमएस दुसऱ्याला दिसायला लागतात आणि ओटीपी त्यातच असतो. टाकली गेलीच असेल तर आधी डेटा बंद, मग बँकेला फोन, आणि सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार, त्याच तासात, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही.

शिरपूर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी: हुआवेच्या हार्मनीओएस नेक्स्टमध्ये अँड्रॉइड ॲप चालतच नाहीत असं वाचलं. मग विंडोज फोन मेला तसं हे का मरत नाही? आणि मी त्याच्यासाठी ॲप बनवायला शिकू का?

या वेळचा सगळ्यात आवडलेला प्रश्न, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

समज एखाद्या तालुक्याला नवीन मार्केट यार्ड बांधलं, पत्रे नवे, काटा इलेक्ट्रॉनिक, रस्ता डांबरी. शेतकरी म्हणतो व्यापारी नाहीत तर माल आणून काय करू, आणि व्यापारी म्हणतो माल येत नाही तर गाळा घेऊन काय करू. बांधकाम कितीही चांगलं असो, यार्ड ओस. नव्या सिस्टीमचं दुखणं हेच आहे, वापरणारे नाहीत म्हणून ॲप बनवणारे येत नाहीत आणि ॲप नाहीत म्हणून वापरणारे येत नाहीत.

विंडोज फोन ऑक्टोबर २०१० मध्ये आला आणि खरंच सुंदर होता, कमी रॅमवर लोण्यासारखा चालायचा, नोकियाचा लुमिया ५२० आपल्याकडे पण खूप खपला. पण इन्स्टाग्राम आलं नोव्हेंबर २०१३ ला, तेही बीटा, म्हंजे चाचणीचं. यूट्यूबचं ॲप मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवलं तर गुगलने ऑगस्ट २०१३ मध्ये ते अडवलं. त्यात अँड्रॉइड फोन कंपन्यांना फुकट मिळत होतं आणि विंडोजला सुरुवातीला पैसे मोजावे लागायचे. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन धंदा विकत घेऊनही उपयोग झाला नाही, जानेवारी २०२० मध्ये विंडोज १० मोबाईलला शेवटचा अपडेट. फायरफॉक्स ओएसचा तर जीवच चुटपुटता, ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सचा क्लाउड एफएक्स १९९९ रुपयांत आला, १२८ एमबी रॅम, आणि व्हॉट्सॲपचं अधिकृत ॲप नाही. भारतात व्हॉट्सॲप नसलेला स्मार्टफोन कोण घेईल? डिसेंबर २०१५ मध्ये ती बनवणाऱ्या मोझिलाने हात वर केले.

हुआवे या चिनी कंपनीचं वेगळं झालं कारण तिला पर्यायच ठेवला नाही. मे २०१९ मध्ये अमेरिकेने काळ्या यादीत टाकलं, गुगलचा वरचा थर गेला, त्याच ऑगस्टमध्ये हार्मनीओएस जाहीर केलं. पण शहाणपणा बघ, पहिली काही वर्षं अँड्रॉइडची ॲप चालू दिली, आणि घराघरात फोन झाल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये नेक्स्ट आणून ती बंद केली. त्यातून चीनमध्ये गुगलच्या सेवा आधीपासूनच नव्हत्या, तिथल्या माणसाला त्यांची सवयच नव्हती, आणि वीचॅट (मेसेजला), अलीपे (पैशांना) आले की त्याचा निम्मा दिवस निघतो. हे गणित भारतात लागू पडत नाही, इथे गुगल काढलं की घरी पाहुण्यांना पत्ता कसा पाठवायचा इथून अडचण सुरू होते.

शिकायचं म्हणशील तर त्यांची आर्कटीएस भाषा टाइपस्क्रिप्टवरून बेतलेली आहे. टाइपस्क्रिप्ट नीट शिक, ती पुण्यात नोकरी देते आणि उद्या हुआवेवाल्यांनी बोलावलं तर तिकडची भाषा पंधरवड्यात जमेल. नुसतं हार्मनीच्या मागे लागू नकोस, शिरपूरमध्ये तुला तपासायला फोन कुठून मिळणार? अँड्रॉइड ॲप बनवायला कोटलिन किंवा फ्लटर घे आणि आपल्या भागाचं काहीतरी बनव, केळीच्या बोर्डाचे भाव, कापसाच्या वजनातली कट, असलं काही.

अक्कलकुवा: बटणांच्या ४जी फोनवर व्हॉट्सॲप होतं. आता नाही. परत येईल का?

नाही येणार. जिओफोन (२०१७, १५०० रुपये अनामत) आणि तसले फोन कायओएसवर चालतात. ती सिस्टीम वर सांगितलेल्या फायरफॉक्स ओएसच्या राखेतून उठलेली. तिच्यावर व्हॉट्सॲप सप्टेंबर २०१८ मध्ये आलं, ते आलं म्हणूनच ती चालली. पण २०२४ च्या जूनपासून नवीन घेणं बंद झालं आणि २०२५ च्या सुरुवातीला जुन्यांचं पण. फोन फेकू नका, बोलायला चांगला आहे, बॅटरी चार दिवस टिकते. व्हॉट्सॲप पाहिजेच असेल तर साधा अँड्रॉइड घ्यावा लागेल, सेकंडहँड घेताना अँड्रॉइड ५ च्या खालचा नको, ऑक्टोबर २०२३ पासून त्यावर ते चालत नाही.

चाळीसगाव, किराणा दुकानदार: प्ले स्टोअर सोडून दुसरं भारतीय स्टोअर आहे का? आणि आईसाठी फक्त तिचीच ॲप मराठीत करता येतील का?

आहे, फोनपेचं इंडस ॲपस्टोअर, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, इंग्रजीशिवाय १२ भारतीय भाषांत चालतं. हे इंडस म्हंजे पूर्वी मायक्रोमॅक्सच्या फोनमध्ये यायची ती सिस्टीम, सिस्टीम मागे पडली आणि दुकान तेवढं उरलं. अशा दुकानांसाठी रस्ता थोडा मोकळा झाला तो सीसीआयमुळे (कापूस घेणारी नव्हे, स्पर्धा आयोग), त्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला होता. माझं मत विचाराल तर दुकान चांगलं आहे, पण बँकेचं ॲप घेताना नाव आणि बनवणारी कंपनी नीट वाचूनच घ्या, दुकान कुठलंही असो.

आईसाठी: अँड्रॉइड १३ किंवा पुढचं असेल तर सेटिंग, सिस्टीम, भाषा, तिथे "ॲपच्या भाषा" आहे, एकेका ॲपला स्वतंत्रपणे मराठी लावता येते. यादीत काही ॲप दिसणार नाहीत, त्यांनी मराठी केलेलीच नाही. काही फोनमध्ये हे "अतिरिक्त सेटिंग"च्या आत दडलेलं असतं, सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत "भाषा" टाका, सापडेल.

पुढच्या अंकात इन्व्हर्टर.