पुण्यात एवढी मोठी हॉस्पिटलं असूनही हार्ट अटॅकच्या रुग्णाला उशीर का होतो? व्यवस्थेत नेमकं काय बदलावं?

आणखी कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीच्या खोल्या, उभारून हा प्रश्न सुटत नाही. शहरात त्यांची वानवा नाही. वेळ जातो तो त्याआधी. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिएट' या हृदयरुग्णांच्या नोंदणीत देशभरातले जवळपास २१ हजार रुग्ण होते. त्यातल्या निम्म्या रुग्णांना दुखायला लागल्यापासून हॉस्पिटल गाठायला ३६० मिनिटांपेक्षा जास्त लागली. पोचल्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळेपर्यंतचा मध्यक वेळ आणखी ५० मिनिटांचा होता. 'ॲसिडिटी असेल' म्हणून घरी घालवलेला वेळ पोस्टर लावून लगेच कमी होणार नाही. पण या दवाखान्यातून त्या नर्सिंग होममध्ये आणि तिथून 'आमच्याकडे सोय नाही, पुण्याला न्या', ही वणवण नक्की थांबवता येते.

सुरुवात ईसीजीपासून. रुग्ण दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघालाच पाहिजे, तोही केसपेपरच्या आधी. त्यासाठी डॉक्टरच्या ऑर्डरची वाट न बघता सिस्टरनेच तो काढावा. ट्रॉलीत रेझर आणि जेल ठेवा, नाहीतर केसाळ छातीवर इलेक्ट्रोड टिकत नाहीत आणि रेघ थरथरते. व्ही१ आणि व्ही२ हे छातीवरचे इलेक्ट्रोड बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत लावायचे असतात. घाईत ते वर सरकतात आणि ईसीजीची पट्टी फसवी येते. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक दिसला तर छातीच्या उजव्या बाजूला इलेक्ट्रोड लावून व्ही४आरही काढा. हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकमध्ये सापडला असेल तर जिभेखालच्या सॉर्बिट्रेटच्या गोळीने बीपी धाडकन पडतं. पहिली पट्टी नॉर्मल आणि दुखणं चालूच, तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढा.

पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो, हे चांगलंच आहे. पण ग्रुपवर आठ कार्डिओलॉजिस्ट असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. त्यापेक्षा त्या दिवशीच्या ड्युटीवरच्या एकाचाच नंबर ठरवा, पाच मिनिटांत उत्तर आलं नाही तर पुढचा नंबर कोणता हेही ठरवून ठेवा.

आता खरं घोडं अडतं ते निर्णयापाशी. ईसीजीवर मोठ्या अटॅकचं, म्हणजे स्टेमीचं, निदान झाल्यापासून १२० मिनिटांत बंद शिरेतून वायर पलीकडे जाणार असेल तरच थेट अँजिओप्लास्टीसाठी पाठवायचं. १२० मिनिटांत हॉस्पिटलच्या गेटपर्यंत पोचणं नव्हे! जुन्नरहून निघताय असं धरा. अँब्युलन्स मिळेपर्यंतचा वेळ, चाकणची गर्दी, मग पुण्यातल्या हॉस्पिटलच्या दारापासून कॅथलॅबच्या टेबलापर्यंतची ३० ते ६० मिनिटं. हे गणित जवळजवळ कधीच बसत नाही. भोर, वेल्ह्याकडच्या लांबच्या गावांचीही हीच गत. तिथे दुखणं सुरू होऊन १२ तास न झालेल्या रुग्णाला लायसिस, म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, तिथेच द्यायला हवं, आणि पहिल्या तीन तासांत त्याचा फायदा सर्वांत जास्त. टेनेक्टेप्लेज या अशा इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो: ६० किलोखाली ३० मिग्रॅ, पुढे दर १० किलोला ५ मिग्रॅ वाढवत ९० आणि त्यावर ५० मिग्रॅ, पंचाहत्तरी गाठलेल्यांना त्याच्या निम्मा. सोबत ॲस्पिरिन ३०० मिग्रॅ चावून.

मग लहान हॉस्पिटलं इंजेक्शन देत का नाहीत? मेंदूतल्या रक्तस्रावाच्या भीतीने. तो धोका शंभरात एकाच्या आसपास आहे. पूर्वी कधी मेंदूत रक्तस्राव, तीन महिन्यांतला पक्षाघात, चालू रक्तस्राव, महाधमनी फाटल्याची शंका, बीपी १८०/११० च्या वर: ही यादी एका कागदावर भिंतीला लावा, आणि फोनवर सल्ला देणाऱ्याचं नाव व वेळ केसपेपरवर लिहा. जबाबदारी वाटली गेली की हात कमी थरथरतात. दुसरी अडचण साधी असते. इंजेक्शन स्टोअरमध्ये, किल्ली फार्मासिस्टकडे आणि रात्रीचे दोन वाजलेले. एक डोस कॅज्युअल्टीतच हवा.

इंजेक्शन दिलं की थांबायचं नाही, लगेच डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) असलेल्या अँब्युलन्सने निघायचं. ६० ते ९० मिनिटांनी ईसीजीतला वर चढलेला भाग (एसटी) निम्म्याने खाली आला नसेल तर थेट कॅथलॅब. आला असेल तर अँजिओग्राफी २ ते २४ तासांत. तमिळनाडूत छोटी हॉस्पिटलं मोठ्यांना अशीच जोडली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका वर्षातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले.

शहरातलं काम त्या मानाने सोपं. १०८ च्या अँब्युलन्सने वाटेतूनच कळवावं, एका फोनवर कॅथलॅबची टीम निघावी, आणि कॅज्युअल्टीत न थांबता रुग्ण थेट टेबलावर जावा. डिपॉझिटची पावती, जनआरोग्य योजनेची कागदपत्रं हे सगळं नातेवाइकांनी तेवढ्यात खाली करावं. रुग्ण त्यासाठी अडवायचा नाही.

आणि मोजमाप ठेवा. दुखणं कधी सुरू झालं, दारात कधी, ईसीजी कधी, इंजेक्शन कधी, दार सोडलं कधी, वायर कधी. पाठवणाऱ्या हॉस्पिटलातून रुग्ण ३० मिनिटांत बाहेर पडायला हवा. सगळ्यात जास्त आकडे इथेच बिघडतात. मात्र आधी ईसीजी मशीनचं घड्याळ मोबाइलशी जुळवून घ्या. ते वीस मिनिटं मागे असेल, तर कागदावर रुग्ण दारात येण्याआधीच त्याचा ईसीजी निघालेला दिसतो.