पणजोबांचा रॉजर्स, औरंगाबादचा बोदराज आणि जुना शिकारी सुरा ओळखण्याविषयी

तुमचे सगळे प्रश्न एकदमच घेतो. पणजोबा मध्य प्रांतात वनखात्यात होते आणि त्यांच्या पेटीत दोन शिकारी सुरे निघाले, दोन्ही न मिटणारे. एकावर 'जोसेफ रॉजर्स अँड सन्स, कटलर्स टू हिज मॅजेस्टी, शेफील्ड, इंग्लंड' असा शिक्का आहे, तर दुसऱ्यावर गंजाखालून 'बोदराज औरंगाबाद' एवढंच वाचता येतं. बाजारातल्या एका विक्रेत्याने पहिला 'व्हिक्टोरियन, दीडशे वर्षांचा' ठरवून बरी रक्कम देऊ केली आणि दुसरा 'देशी आहे, याला गिऱ्हाईक नाही' म्हणून बाजूला सारला. वय कसं ठरवायचं, घासून चकचकीत करावं का, आणि असे सुरे जमवायचे तर सुरुवात कशी करायची, हे तुम्हाला हवंय.

आधी निकाल सांगून टाकतो. पहिला व्हिक्टोरियन नाही. आणि दोन्हींतला एकच घे असं कोणी म्हटलं, तर मी डोळे झाकून दुसरा उचलेन.

रॉजर्सबद्दल तो शिक्काच सगळं बोलतो. व्हिक्टोरिया राणी 1837 ते 1901 गादीवर होती, त्या काळात कंपनी 'हर मॅजेस्टी' लिहायची. तुमच्यावर 'हिज' आहे, म्हणजे गादीवर राजा होता. राजे 1837 च्या आधीही होते, हे खरं. पण मग शेवटचा 'इंग्लंड' हा शब्द आड येतो. अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, 1891 पासून ते लागू झालं, आणि त्यानंतर शेफील्डच्या मालावर हा शब्द सर्रास दिसू लागला. त्याआधी नुसतं 'शेफील्ड' पुरत असे. 'हिज' आणि 'इंग्लंड' एकत्र आले की 1901 नंतरचा काळ धरायचा. दुसरी हद्द 1952, कारण पुढे पुन्हा राणी आली. पणजोबांच्या नोकरीची वर्षं घरच्या कागदांत सापडली, तर हा पन्नास वर्षांचा पट्टा आणखी आवळता येईल.

इथे बहुतेक जण घसरतात. शिक्क्यावर जुनी खूण दिसली की सुरा तेवढा जुना, असं धरून चालतात. अशी जुनी खूण फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगते. रॉजर्सची तारा आणि माल्टीज क्रॉसची खूण अठराव्या शतकापासूनची, शेफील्डमधला नॉरफोक स्ट्रीटचा पत्ता शतकभराचा, आणि 1971 मध्ये शेफील्डच्याच वोस्टनहोम कंपनीशी एकत्र झाल्यानंतरही ते नाव बाजारात राहिलं. म्हणून सुऱ्यातला सर्वांत अलीकडचा तपशील शोधायचा, सुरा त्याच्यापेक्षा जुना असू शकत नाही. पात्यावर 'स्टेनलेस' असेल तर व्हिक्टोरिया विसरा, कारण ते पोलाद हॅरी ब्रेअर्लीने शेफील्डमध्ये 1913 साली काढलं. मूठ बेकेलाइटची, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकची, असेल तर विसावं शतक. मुठीत चार फाट्यांचा फिलिप्स स्क्रू दिसला तर 1930 नंतर कोणीतरी हात घातलाय, मग पातं कितीही जुनं असो. आणि नुसत्या 'रॉजर्स' आडनावावर तर मुळीच भाळू नका. 'विल्यम रॉजर्स, आय कट माय वे' हा शिक्का वेगळ्याच कंपनीचा, जॉन क्लार्क यांचा. माल वाईट नव्हता, पण तो जोसेफ नव्हे. जोसेफच्या नावाच्या नकला तर त्या काळीही ढिगाने होत्या.

शिक्का खरा की नंतर मारलेला, हे दहा पट भिंग घेऊन दिवसाच्या तिरप्या उजेडात बघा. जुना शिक्का पात्याला पाणी देण्याआधी, पोलाद मऊ असताना ठोकलेला असतो. त्यामुळे अक्षराच्या कडेला धातू किंचित वर उचललेला दिसतो आणि अक्षराचा तळ एकसारखा खोल नसतो. तेजाबाने कोरलेलं अक्षर उथळ आणि सपाट तळाचं निघतं. आता गंजाचे खड्डे बघा. खड्ड्याने अक्षराची कड खाल्ली असेल तर अक्षर आधीचं, गंज नंतरचा. पण खड्ड्यांनी भरलेल्या पात्यावर अक्षर मात्र धारदार आणि त्याचा तळ उजळ असेल, तर गंजलेल्या पात्यावर कोणीतरी नंतर नाव चढवलंय. बाजारात फिरणारे बरेच 'इंग्लिश' सुरे या एका परीक्षेत गळतात.

मुठीची गंमत वेगळीच. शेफील्डचे कारागीर शिंगाच्या मुठीसाठी आपल्याकडचं सांबराचं शिंग गोण्या भरभरून मागवत. म्हणजे मेळघाटातलं किंवा म्हैसूरकडचं शिंग जहाजाने इंग्लंडला जायचं, सुऱ्याला चढायचं आणि एखाद्या साहेबाच्या पट्ट्याला लटकून परत याच रानात यायचं. खरं शिंग ओळखायला मुठीचा शेंडा बघा, आतला स्पंजासारखा सच्छिद्र गाभा तिथे दिसतो. बाहेरचे उंचवटे हाताळून गुळगुळीत झालेले असतात आणि खाचांमध्ये काळपट मळ घट्ट बसलेला असतो. राळेची नक्कल हाताला कोमट लागते, तिच्या खाचा दोन्ही बाजूंना जुळ्या भावंडांसारख्या सारख्या असतात. तापलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा. त्याने परीक्षा होते, पण डागही कायमचा राहतो.

आता बोदराज. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, निजामाच्या राज्यात होतं आणि तिथे हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची, छावणी होती. घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करण्याचं वेड त्या अधिकाऱ्यांमध्ये जबर होतं. दख्खनच्या बाजूला लांब भाला खालून धरून चालवायचे, बंगालकडे आखूड आणि शिशाने जड केलेला भाला वरून खुपसायचे, आणि यावर साहेब लोक तावातावाने वाद घालायचे. या मंडळींना भाल्याची पाती आणि सुरे पुरवणारा बोदराज हिंदुस्थानभर नावाजलेला होता. विलायती माल हाताशी असताना अधिकारी औरंगाबादचं पातं मागवत, ते उगाच नाही. त्याच्या तोडीचा दुसरा म्हणजे मद्रास इलाख्यातल्या सेलमचा अरुणाचलम, त्याचंही नाव पात्यावर इंग्रजीत ठोकलेलं सापडतं. इंग्रजी स्पेलिंगं वेडीवाकडी असतात, त्याने बिचकू नका.

म्हणूनच 'देशी आहे' म्हणून तो सुरा झिडकारणाऱ्या विक्रेत्याची मला कीव येते. रॉजर्सचे सुरे कारखान्यातून अगणित निघाले. नाव असलेला बोदराज क्वचित हाती लागतो, आणि इंग्लंडातल्या लिलावांत त्याच्या भाल्यांना आणि सुऱ्यांना जाणते लोक बोली लावतात. अर्थात तुमचा खराच त्याचा आहे का, हे वरच्याच कसोट्यांवर घासून बघायला हवं. नाव चालतं तिथे नक्कलही चालते.

आपल्या भागाशी नातं असलेला आणखी एक सुरा सांगतो, कारण तो बघायला मिळाला तर सोडू नका. हेन्री शेक्सपिअर हा नागपूर इरेग्युलर फोर्सचा कमांडंट, पट्टीचा शिकारी. 1860 साली त्याचं शिकारीवरचं पुस्तकही लंडनमध्ये निघालं. त्याच्या नावाचा शिकारी सुरा लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावरच्या विल्किन्सन कंपनीने बनवला, आणि पात्यावर 'शेक्सपिअर नाइफ' असं लिहिलेलं असतं. नाटककाराशी त्याचा काही संबंध नाही, एवढं विक्रेत्याला सांगू नका म्हणजे झालं.

दुकानाच्या नावावरूनही काळ लागतो. मुंबईत काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आजही उभी आहे. आर्मी अँड नेव्ही ही लष्करी अधिकाऱ्यांना माल पुरवणारी इंग्लिश दुकानसंस्था, तिची मुंबई शाखा 1891 ची. सुऱ्यावर किंवा म्यानावर 'को-ऑपरेटिव्ह सोसायटी' असेल तर 1934 च्या आधीचा माल, 'स्टोअर्स' असेल तर नंतरचा, कारण त्या वर्षी नाव बदललं. बनवणारा आणि विकणारा अशी दोन्ही नावं एकाच वस्तूवर असणं नेहमीचं आहे.

साफसफाईबद्दल मात्र कडक बोलतो. शिकलगाराकडे नेऊ नका, साणेवर धरू नका, बफ मारू नका, चिंच नको, ब्रासो नको. जुन्या पोलादावरची काळसर करडी झाक हीच त्याची कमाई. ती उतरली की सुरा नवा दिसतो आणि किंमत निम्म्यावर येते. तांबडा, भुकटीसारखा सुटणारा गंज तेवढा थांबवायचा. शिवणयंत्राचं तेल लावून दोन दिवस ठेवा, मऊ सुती कापडाने पुसा, आणि हट्टी जागी तांब्याच्या नाण्याची कड हलकेच फिरवा. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही. अक्षरांच्या जवळ तेही नको. खोबरेल अजिबात नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. आणि सुरा म्यानात ठेवू नका. जुनं कमावलेलं चामडं ओल धरतं, त्यातली आम्लं पात्याला खातात, पितळेवर हिरवा थर चढतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर एका मोसमात वाट लागते. म्यान शेजारी वेगळं ठेवा, पण हरवू नका. मूळ म्यानासकट सुरा आणि नागडा सुरा यांच्या किमतीत फार फरक पडतो.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रांच्या वर्गात येतात, घरगुती आणि शेतीच्या वापराचे वगळून. पातं मोजा आणि त्याहून मोठं भरलं तर पोलीस ठाण्यात विचारून घ्या. कमरेला लावून मिरवायचा तर प्रश्नच नाही. सांबराचं शिंग किंवा हस्तिदंत असलेली वस्तू विकण्याआधी वन्यजीव कायदा जाणणाऱ्या वकिलाला गाठा. अमेरिकेतल्या भावाला एक पाठवायचा म्हणताय, तर लक्षात घ्या की शंभर वर्षं उलटलेली वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. रॉजर्स त्या सीमेवर आहे, बोदराज बहुधा पलीकडे.

जमवायचं म्हणाल तर एक कोपरा धरा. दख्खनी आणि दक्षिणी कारागिरांचे नावाचे सुरे हा माझ्या मते आपल्या माणसाने धरायचा कोपरा, कारण जुने वाडे, संस्थानी कुटुंबं, वनखात्यात नोकरी केलेली घराणी आपल्या आसपास आहेत आणि त्यांच्या माळ्यावर काय पडलंय हे लंडनच्या दलालाला ठाऊक नाही. किंमत ठरवताना मागितलेले आकडे बघू नका, लिलाव झाल्यावरचे प्रत्यक्ष विक्रीभाव बघा. आणि कोणाच्या घरून वस्तू घेतली, ती तिथे कशी आली, हे त्यांच्याकडून दोन ओळींत लिहून सहीनिशी घ्या.

सध्या त्या विक्रेत्याला 'बघू' म्हणून थांबवा. बोदराजचे फोटो टाका: शिक्का तिरप्या उजेडात, पातं दोन्ही बाजूंनी, पात्याची पाठ वरून, मुठीचा शेंडा, आणि शेजारी मोजपट्टी. फ्लॅश मारू नका, फोटोत अक्षरं पांढरी पडतात.